कानबाईला डोळे लावताना

माय, तू जाऊन इतकी वर्षं झाली की तुझा चेहरा मी विसरलो होतो. भिंतीवर फोटो आहे, पण तो कुणाच्या तरी लग्नातल्या घोळक्यातून कापून काढलेला, वर फोटोवाल्याने तुझ्या अंगावर दुसरीच साडी चढवलेली. त्या फोटोतली बाई ताठ बसून नुसती बघत राहते. डोळे मिटले तरी तीच समोर येते, आणि मला तिचा राग येतो.

उन्हाळ्यात जळगावला एका संग्रहालयात गेलो होतो. मातीत घडवून भाजलेल्या माणसांच्या डोक्यांचं प्रदर्शन होतं. एक खो खो हसणारा, एकाला शिंक येता येता अडकलेली. मजा वाटत होती. कोपऱ्यात एक बाई होती. भुवया वर चढलेल्या, खालचा ओठ ओढलेला, तोंड अर्धवट उघडं. माझे पायच हलेनात. खाली पाटी होती, ‘भीती’. शेजारी उभी असलेली कॉलेजातली पोरगी म्हणाली, “किती घाबरलीय ना ही!” मी म्हटलं, “घाबरली नाही गं, डोळे लावतेय.” ती माझ्याकडे बघत हळूच पुढे सरकली. तिचं तरी काय चुकलं म्हणा.

तिला काय सांगणार? श्रावणातला रविवार, देवपूरचं आपलं स्वयंपाकघर, नैवेद्याच्या रोटांचा वास. नारळाला नाकडोळे लावून कानबाई देवी करायची, ते काम तुझं. नारळ मांडीत घेऊन तू मेणाने चांदीचे डोळे चिकटवते आहेस आणि तुझंच तोंड उघडं पडलंय. मी हसतो. “गप बस रे, कानबाईले डोया लायी राह्यनू ना मी!” तू ओरडतेस, आणि तोंड पुन्हा तसंच.

यंदा नारळ मी मागून घेतला. बायको म्हणाली, “तुम्ही? हात थरथरतात तुमचे.” तरी बसलो. एक डोळा लागला. दुसरा लावता लावता समोरच्या कपाटाच्या आरशात नजर गेली. माय, तिथे तू होतीस. माझ्या मिशीच्या वर तुझे डोळे, तुझ्या भुवया. हातातला डोळा खाली पडला. तो मग लेकीने लावला.

तू एकदा दिसावीस म्हणून इतकी वर्षं जीव तुटला, आणि आलीस तर मी घाबरलो. संग्रहालयातली ती पाटी माझ्या गळ्यात शोभली असती. तुझा पत्ता असता तरी हे पत्र पाठवलं नसतं. त्या आरशावर मी चादर टाकून ठेवली आहे, माय. अजून काढलेली नाही.