ओळख नसताना

स्टेट कॉलेज, ऑक्टोबर १९८४

बाबा, जयभीम.

अमेरिकेतलं हे गाव जवळजवळ सगळं गोरं. काळी माणसं इतकी थोडी, की माझी रूममेट डेनिस, जी स्वतः काळी आहे, रस्त्यात भेटेल त्या काळ्या माणसाकडे ओळख नसतानाही मान हलवते. तोही हलवतो. मला हेवा वाटायचा.

काल मराठी मंडळींच्या जेवणाला नागपूरचा नवा विद्यार्थी आला, भानुदास गजभिये. आडनाव ऐकून मी हरखले. जवळ जाऊन हळूच म्हटलं, "जयभीम." त्यानं आधी आजूबाजूला पाहिलं, मग मोठ्यानं म्हणाला, "नमस्कार!"

निघताना तुम्ही म्हणाला होतात, "तिकडे तरी ताठ मानेनं राहा." म्हणून हे पत्र टाकवत नाही. भानुदासचा राग आला, एवढंच लिहून पत्र टाकता आलं असतं.

पण बाबा, मीसुद्धा हळूच म्हटलं होतं.

तुमची,
संघमित्रा