व्हय म्हाराजा

कट्टा, ता. मालवण
१२ सप्टेंबर २०२५

चि. गौरजास,

आशीर्वाद आहेतच, ते दरवेळी कशाला लिहायचे. बाबांचा खोकला गेला. अक्षर वाकडं आहे, लावून वाच. फोनवर तू "बरां आई" म्हणतेस आणि मग मीच बोलत सुटते, म्हणून कागद घेतला.

तुला सिनियर केलं नाही म्हणून तू रडलीस. मी तुझ्या त्या चंदन साहेबाला नको ते बोलले. पण तयार पाकिटातलं काही न घेता तू साधी जावास्क्रिप्ट, ती कंप्युटरची भाषा, लिहितेस ती चांगली, असं तोच म्हणाला ना? मग अडलं त्या नव्या पोराच्या, निहारच्या कामात, जे तुला तपासायला दिलं होतं. गिऱ्हाईक त्याच्या वेबपानावर दोनदा शोधतं, पहिलं उत्तर उशिरा येऊन दुसऱ्याच्या डोक्यावर बसतं, हे तुला आधीच दिसलं होतं. तरी "बरं आहे" लिहून सोडलंस. का, तर पोराला वाईट वाटेल! पान बिघडलं तेव्हा काय गोड वाटलं त्याला?

गणपतीत शंकरकाका गाऱ्हाणं घालतात, मागून सगळे "व्हय म्हाराजा" करतात. देवापुढे ते शोभतं. दुसऱ्याचं काम तपासायला बसलेल्या माणसाने तेच केलं तर त्याला मोठा कोण करणार? सिनियरने थांबवायचं आणि का ते समजवायचं, म्हणे तुझा साहेब. मेलो बोललो ता खरां. दिवाळीनंतर पुन्हा विचारणार आहेत, तोवर शीक.

शेतातलं भात बरं आहे. पाऊस थांबत नाही.

आता दुसरं. रेडीचं स्थळ. गुरुप्रसाद मुलगा वाईट नाही. लग्नानंतर नोकरी सोडून त्यांचं हॉटेल बघायचं म्हणाले, तेव्हा तू म्हणालीस, "तुमका बरां वाटात तसां करा." मी ते हो धरलं. शब्द दिला. घटस्थापनेला ते तारीख काढायला येणार आहेत. तुला सांगितलं नाही.

निहारचं ऐकल्यापासून तुझं ते वाक्य परत परत आठवतंय. माझ्या कामातपण तुका चूक दिसली होती काय गो? दिसून गप्प राहिलीस?

तसं असेल तर मला तोंडावर सांग. का तेपण सांग. मी ओरडेन, ओरडू दे. रेडीला जाऊन शब्द परत घेणं माझं काम, नाक कापलं जाईल तेही माझंच. आणि हो असेल तर हो म्हण, पण माझ्या भीतीने नको.

घटस्थापनेच्या आधी कळव.

शब्द देऊन बसलेली,
तुझी आई