बाबांची दुपारची बाटली

ती. बाबा,
इथूनच वाकून नमस्कार. मी मजेत आहे. खोली उबदार आहे, जेवणही अंगाला लागतंय.

कारखान्यात आता मला पाकाच्या खोलीत घेतलंय. मोठ्या टाकीत साखर विरघळत असते आणि वाफेत माणसं तरंगल्यासारखी दिसतात. बाहेर पडले की मधमाश्या माझ्या डोक्याच्या रुमालाभोवती घुटमळतात. झोपेतही कुठेतरी साखर पडत असते, अगदी हळू, आवाज न करता.

आई म्हणाली, डॉक्टरांनी सांगितलं म्हणून तुम्ही चहातली साखर सोडलीत आणि दुपारी आमच्या कारखान्यातली संत्र्याच्या सरबताची बाटली पिता, ‘लेकीच्या हातची’ म्हणून. ऐकून ऊर भरून आला. मग टाकीकडे नुसती बघत राहिले. बाबा, त्यात संत्रं नावालाच असतं. एका बाटलीत चांगली मूठभर साखर जाते. त्यापेक्षा चहातला चमचा परवडला.

पायाची जखम भरली का? आईला विचारलं की ती विषय बदलते.

बाटली आजपासून बंद करा. सुट्टीत आले की रोज दुपारी मीच तुम्हाला पेलाभर पाणी आणून देईन. लेकीच्या हातचं म्हणून तेवढं प्या.

तुमची,
धाकटी