तिसरी ओळ

सोमवार, ३ जून
नोकरीचा पहिलाच दिवस, आणि आल्या आल्या हातात चहा! कान तपासण्याचं हे केंद्र म्हणजे दोनच खोल्या. एकीत आम्ही, दुसरीत आवाजबंद काचेची केबिन. तपासायला आलेला माणूस आत हेडफोन लावून बसतो, आवाज आला की हातातलं बटण दाबतो, आणि बाहेर आमच्या पडद्यावर ठिपका उमटतो. केंद्र चालवणाऱ्या बाई तोंडाच्या फटकळ, मनाच्या मोकळ्या. म्हणाल्या, जुन्या संगणकाच्या गोवऱ्या मसणात गेल्यात. पण तपासणीचा प्रोग्राम जुन्याच सिस्टिमवर चालतो आणि अहवाल छापायला नवी लागते. दोन्ही एकाच ठिकाणी बसव, एवढंच तुझं काम.

मंगळवार, ४ जून
नव्या संगणकाच्या पोटात एक आभासी संगणक तयार केला. त्याला डबा नाही, तारा नाहीत, पण वागतो खऱ्यासारखा. आधी जुनी सिस्टिम टाकली, मग नवी. क्रम चुकला तर जुनी नवीला गिळते. आता सुरू केलं की पडद्यावर यादी येते, दोन सिस्टिमच्या नावांच्या दोन ओळी, दहा सेकंदांत एक निवडायची. बाई स्वतः केबिनमध्ये बसल्या, तपासणी बिनचूक झाली. फोनवर ताईपुढे फुशारकी मारली. ती म्हणाली, दोन सवती एका घरात नांदवल्यास की गं!

गुरुवार, ६ जून
यादीत तिसरी ओळ आली आहे. रिकामी. नाव नाही, पण निवड तिच्यावर जाऊन थांबते. चूक माझीच असणार म्हणून ओळ पुसली. पुन्हा आली. शेवटी आभासी संगणकच उडवला आणि दुपारभर बसून दुसरा केला, अगदी कोरा.
तीन ओळी.

शुक्रवार, ७ जून
आज ती निवडली. तपासणीचाच प्रोग्राम उघडला. नावाची जागा कोरी. आपोआप आवाज सुरू झाले आणि ठिपके पडू लागले. काचेतून मला दिसत होतं, केबिन रिकामी होती, बटण खुर्चीवर पडलेलं. आवाज बारीक होत गेले, कुठल्याच माणसाला ऐकू येणार नाहीत इतके. तरी प्रत्येकाला ठिपका. बाई म्हणाल्या, बटणाची तार ढिली असेल. मी तारच उपटली.
ठिपके थांबले नाहीत.

शनिवार, ८ जून
बाई बाहेर गेल्या होत्या. तिसरी ओळ निवडून मी सगळे आवाज बंद केले. ठिपके थांबले. मग उगाचच मोठ्याने विचारलं, "आत कोण आहे?"
एक ठिपका.
मी गप्प झाले. श्वास रोखला. तर एकामागून एक ठिपके, सारख्या अंतराने. मनगटावर बोट ठेवून पाहिलं — माझ्या नाडीबरोबर पडत होते.

सोमवार, १० जून
आल्या आल्या सगळं पुसलं. तीन हाका मारल्या, असं बाईंनी कागदावर लिहून दाखवलं. मला एकही ऐकू आली नाही. त्यांनी जुन्याच संगणकावर माझे कान तपासले. मी बटण हातात धरून बसून राहिले, आवाज काही येईना. काचेपलीकडे बाईंचा चेहरा उतरत गेला. उद्या सुट्टी घे, असं त्यांनी त्याच कागदावर लिहिलं.

मंगळवार, ११ जून. सकाळ
ताईचा मेसेज. काल संध्याकाळी तासभर किती छान बोललीस.
मी काल कोणाशीच बोलले नाही. मला फोनची घंटासुद्धा —
विचारलं, मी काय म्हणाले? तिचं उत्तर: "अगं, तूच म्हणालीस ना, केंद्रात ये, तुझेही कान तपासू. निघालेय."
फोन करून उपयोग नाही. मेसेज ती बघत नाहीये. मी —

केंद्रात
ताई केबिनमध्ये आहे. हेडफोन लावून. हसतेय. बाई दार ओढतायत, उघडत नाही. पुसलेला संगणक पडद्यावर चालू —
मी ओरडतेय. निदान घसा दुखतोय. ताई डोळे मिटून कुणाचं तरी ऐकतेय, मान हलवतेय, बटण दाबतेय.
हीच वही काचेला लावते. मोठ्या अक्षरात.

ताई डोळे उघड
ते कानावरून काढ
तुझ्याशी बोलतेय ती मी न