झोका आजारी आहे

३ मार्च, मंगळवार

बाग पाडणार! पेपरात आतल्या पानावर चार ओळी. मुलांची बाग, बंद पडून तीस वर्षं झाली, तिथे आता गाड्या उभ्या करायची जागा होणार. सोळा तारखेपासून काम सुरू.

मी पेपर घडी घालून इस्त्रीच्या कपड्यांखाली सरकवला. बाबांनी तो बरोब्बर तिथूनच काढला! ऐंशी वर्षांचा माणूस. चष्मा कपाळावर असतो आणि चष्म्यासाठी घर डोक्यावर घेतो. पण या चार ओळी मात्र सापडल्या.  जेवताना पानात अर्धं तसंच राहिलं.

४ मार्च, बुधवार

"ठमे, एकदा नेशील का गं मला बागेत? पाडायच्या आधी?"

मी म्हटलं, "मला ड्यूटी आहे."

कुठल्या दिवशी न्यायचं, ते त्यांनी सांगितलंही नव्हतं.

६ मार्च, शुक्रवार

आज ऑपरेशनला रक्त टिपायचा एक गॉझ कमी भरला. वीस दिले होते, परत आले एकोणीस. सर्जन टाके घालायला उतावीळ. "सिस्टर, असेल इथेच कुठेतरी." मी म्हटलं, "सर, 'कुठेतरी' म्हणजे पेशंटच्या पोटातसुद्धा." घालूच दिले नाहीत टाके. अकरा मिनिटं सगळे माझ्याकडे सासूकडे बघावं तसं बघत होते. शेवटी सापडला — साहेबांच्याच बुटाला चिकटलेला!

नंतर भूल देणारे डॉक्टर म्हणाले, "तुम्ही कधीच काही विसरत नाही का हो?"

नाही विसरत. आठव्या वर्षापासून नाही. एका माणसाच्या विसरण्याने काय काय होतं ते बघितलंय मी. त्या माणसाला रोज सकाळी चहाही मीच देते.

७ मार्च, शनिवार

सुट्टी. कपाट आवरायला घेतलं आणि ते राहिलं बाजूला. दिवसभर डोक्यात बाग.

बाबा बागेचे मिस्त्री होते. फाटकाला लागून दोन खोल्या, त्या आमच्या. खिडकी उघडली की समोर सिमेंटचा हत्ती. शेपटीकडून पायऱ्या चढायच्या, सोंडेवरून घसरत खाली. सगळ्या गावाची पोरं फाटक उघडायची वाट बघत बाहेर ताटकळायची आणि मी आतून त्यांना वाकुल्या दाखवायची. काय तोरा होता माझा! बाग माझ्या बापाचीच!

फाटक उघडायच्या आधी बाबा स्वतः एकेका खेळावर बसून बघायचे. हातात तेलाची बुधली घेऊन धिप्पाड माणूस सोंडेवरून घसरत येतोय — आई खिडकीतून हसून लोटपोट व्हायची. झोक्याच्या साखळीला ते कान लावायचे. काही कुरकुर ऐकू आली, कडी झिजलेली दिसली, की त्या खेळाला लाल रिबन बांधायचे. आधी फडकं बांधत. पण आई म्हणाली, "पोतेरं वाळत घातल्यासारखं दिसतंय." मग चांगली रुंद साटीनची रिबन आली. तिची सुतं निघू नयेत म्हणून बाबा टोकं काडीने जाळत, त्यामुळे टोकं नेहमी काळी.

लाल रिबन म्हणजे खेळ आजारी. आजाऱ्याला त्रास द्यायचा नाही. बाबांनी हे पोरांना एकदाच सांगितलं असेल, पुढे पोरंच एकमेकांना सांगायची. दांडगटातली दांडगट पोरं रिबन दिसली की आवाज खाली आणायची. "काका, झोका बरा झाला का?" "ताप उतरलाय. उद्या बसा." एक मुलगी तर चक्रीसाठी औषध घेऊन आली होती, बाटलीत साखरेचं पाणी! बाबांनी तिच्यासमोर दोन थेंब चक्रीला पाजले. ती मुलगी म्हणजे पिटुकली. माझी जिवाभावाची मैत्रीण. होती.

बारा वर्षांत एकाही पोराने लाल रिबन मोडली नाही. एकानेही नाही. म्हणून तर पुढे कुणाला शंकाच आली नाही.

८ मार्च, रविवार

लिहूनच टाकते. मनात ठेवून काय त्याचं लोणचं घालायचंय?

तोही रविवारच. मी आठ वर्षांची. बागेत एक फोटोवाला आला होता, हत्तीवर बसवून रंगीत फोटो काढत होता. पिटुकलीच्या वडिलांनी आम्हा दोघींचा काढायचं ठरवलं. माझी एका वेणीची रिबन कारंज्यापाशी कुठेतरी पडली होती. आईने सकाळीच बजावलं होतं, आता एक जरी हरवलीस तर केसच कापीन! मी रडकुंडीला येऊन सगळी बाग धुंडाळत होते. सापडली की नाही, आठवत नाही. पुढे जे झालं त्यात रिबनीचं काय घेऊन बसायचं.

फोटो झाला. हत्तीवरून उतरून पिटुकली झोक्याकडे धावली. तिसऱ्या की चौथ्या हेलकाव्याला साखळी तुटली. पिटुकली समोरच्या कठड्यावर आदळली. कमरेचं हाड. डावा पाय आखूड राहिला तो राहिलाच.

आई पिटुकलीबरोबर हॉस्पिटलात गेली. बाग रिकामी झाली. दिवे लागायच्या वेळी बाबा घरात आले, मला स्टुलावर बसवलं आणि माझ्या वेण्या सोडायला लागले. जन्मात कधी केलं नव्हतं ते काम त्यांनी. तेलाच्या वासाची जाड बोटं, एकेक पेड हळूहळू सोडवत. कितीतरी वेळ लावला.  त्या सबंध दिवसातली तेवढी एकच गोष्ट मला अजून गोड वाटते. मग उठले, तोंड धुतलं, आणि बागेच्या साहेबांकडे जाऊन सांगून आले — कडी झिजलीय हे सकाळीच दिसलं होतं. रिबन बांधायला विसरलो.

सगळ्यांना पटलंच. रिबन असती तर पोर बसलंच नसतं ना!

नोकरी गेली. घर गेलं. खिडकीत हत्तीऐवजी दुसऱ्याची भिंत आली. आई पुढची अकरा वर्षं भाड्याच्या एका खोलीत लोकांच्या साड्यांचं फॉल-बिडिंग करत राहिली आणि तिथेच गेली. शाळेत मला 'विसरभोळ्याची पोर' म्हणायचे. बाबांच्या जागी कुणी धड आलंच नाही, आठ वर्षांत बागही बंद पडली.

१० मार्च, मंगळवार

आज नको ते झालं.

बाबांनी पुन्हा विषय काढला. रविवारी तरी नेशील का म्हणाले. मी पोळपाट आपटला. म्हटलं, "काय बघायचंय तिथे जाऊन? एक रिबन बांधायची होती तुम्हाला! एक! तेवढं लक्षात राहिलं असतं तर आई अशी गेली नसती!"

आईचं तेवढं आजवर गिळलं होतं, आज तेही बाहेर.

बाबा टेबलावरचा चमचा सरळ करत बसले. मग माझ्या डोक्याकडे बघून म्हणाले, "हो गं. चुकलंच माझं." नेहमीचंच वाक्य. कधी सफाई नाही, कधी उलट उत्तर नाही. एकदा तरी भांडले असते तर मला बरं वाटलं असतं!

नवरा हात पुसत म्हणाला, "जन्मठेपेचे कैदीसुद्धा एव्हाना सुटून घरी येतात. तू बाबांना अजून किती वर्षं सुनावणार आहेस?" त्याला काय जातं बोलायला.

पण झोंबलं.

१२ मार्च, गुरुवार

एकटीच जाऊन आले. कुणाला सांगितलं नाही.

फाटक बिजागरीतून निखळून आडवं पडलंय. आमच्या दोन खोल्यांचं छप्परच नाही, आत झाड उगवलंय, चांगलं माझ्याहून उंच. कारंज्यात बाटल्या. चक्री एका अंगावर कलंडलेली. हत्ती आहे! एक कान गेलाय, पण सोंड शाबूत. हजारो पोरांच्या चड्ड्यांनी घासून गुळगुळीत झालेली सोंड, अजून तशीच. मी हात फिरवला आणि तिथेच उभी राहून ढसाढसा रडले. शेहेचाळिसाव्या वर्षी! ऑपरेशन थिएटरमधल्या पोरींनी पाहिलं असतं तर त्यांची बोलती बंद झाली असती.

"ठमे?"

मागे पिटुकली. एका बुटाची टाच उंच, हातात काठी. चौकात तिचं औषधांचं दुकान आहे. मी गेली वीस वर्षं पलीकडच्या फूटपाथने जाते. डोकं दुखलं तर गोळी आणायला दोन चौक लांब जाते मी, बापाची लाज वाटते म्हणून. आणि ती समोर उभी राहून हसतेय!

म्हणाली, "मीपण शेवटचं बघायला आले. काका कसे आहेत?"

मला वाटलं टोमणा. पण टोमणा नव्हता. ती म्हणाली, "मी चालायला लागेपर्यंत दर रविवारी यायचे काका. दोन वर्षं. माझ्या कुबड्यांचे रबर तेच बदलायचे. माझी आई पहिल्यांदा त्यांना दारातून हाकलायची. ते बाहेर पायरीवर बसून राहायचे. शेवटी आईच चहा द्यायला लागली."

आम्हाला हे माहीतच नव्हतं. रविवारी कामाला जातो म्हणायचे.

"तुला राग नाही येत?" मी विचारलं.

"आला ना. खूप वर्षं आला. मग एकदा वाटलं, जो माणूस चक्रीला साखरपाणी पाजतो, तो मुद्दाम का विसरेल? आणि तू काय गं, मला टाळतेस ती? पाय माझा मोडला, लंगडतेस तू!"

दोघी हसलो. हसता हसता रडलो. तिच्याकडे त्या दिवसाचा फोटो आहे म्हणाली, हत्तीवरचा. फोटोवाल्याने नंतर घरी आणून दिला होता, तिच्या आईने ट्रंकेच्या तळाशी टाकून ठेवला. मी अजून पाहिलेलाच नाही तो. पाठवते म्हणाली.

१३ मार्च, शुक्रवार

संध्याकाळी बाबांना सांगितलं, "रविवारी जाऊ." ते म्हणाले, "तुला ड्यूटी नाही ना?" खवट म्हातारा!

१४ मार्च, शनिवार

पिटुकलीच्या दुकानातला माणूस पाकीट देऊन गेला. उघडलं नाही. उद्या बागेत, हत्तीपाशीच उघडावं असं मनात होतं, बाबांना घेऊन.

बाबांनी बुटांना पॉलिश केलं. तेलाची बुधली मागितली! म्हटलं, "आता कशाला तेल घालताय? सोमवारी पाडणार आहेत ते." तर म्हणे, "उद्या रविवारच आहे ना अजून." शिलाई मशीनची बुधली भरून दिली.

त्यांची माफी मागायचं ठरवलंय. मंगळवारच्या बोलण्याची. कसं म्हणायचं ते तीनदा मनात घोकून झालं. माणूस विसरतो. चाळीशीतला माणूस, पस्तीस खेळ, शंभर पोरं — विसरतो एखादा दिवस. माझ्या हातून कधी विसरलं गेलं नाही, ही काही माझी थोरवी नाही. उद्या त्यांना म्हणणार आहे — बाबा, झालं गेलं, मी केलं माफ.

हे आधीच म्हणायला हवं होतं. आज कसं हलकं वाटतंय.

१५ मार्च, रविवार

राहवलं नाही. सकाळीच पाकीट उघडलं.

हत्तीवर आम्ही दोघी. रंग उडालेत. लाल तेवढा टिकलाय. माझ्या उजव्या वेणीला निळी रिबन. डाव्या वेणीला लाल. रुंद, साटीनची. बाबांचं भिंग आणून बघितलं — टोक काळं.

झोक्यावरची. गाठ घट्ट होती, मी दातांनी सोडली. जिभेवर तेलाची चव आली होती. फोटो झाला की परत बांधणार होते.

विसरले.

आणि त्या संध्याकाळी माझ्या वेण्या बाबांनी सोडल्या.

बाबा बूट घालून दाराशी बसलेत, मांडीवर बुधली. "ठमे, चल ना गं. ऊन होईल."