शेवग्यावरचे भुंगेरे

पुणे, १८ मे २००१

ती. दादास,
पूजाचा शि. सा. नमस्कार वि. वि.

एवढी शिकून कृमी मोजतेस का, असं विचारलंस. मोजत नाही रे! प्रयोगशाळेत कृमींच्या दोन भाऊबंद जाती आहेत. दोन्हींत अंडी बाहेर येण्याची वाट घडवणारं जनुक एकच. ते बिघडलं, तर एकीत तिथल्या पेशी शेजारच्या कातडीत मिसळून जातात. दुसरीत त्याच पेशी मरतात. जनुक तेच, काम बदललं. ते कधी बदललं, हे शोधायला मला तिसरी जात हवी, भुंगेऱ्यांच्या अंगात राहणारी. कापड्याच्या बांधावरच्या शेवग्यावर बसतात ते पन्नास भुंगेरे धाड. आधी भिकाजीकाकांना विचार. त्या झाडावरून तुमचं वाजलेलं आहे.

आईला नमस्कार. लोभ आहेच, तो राहू दे.
पूजा

कापडे, २ जून

चि. पूजास दादाचा आशीर्वाद.

आपल्या गावच्या पांडूच्या हाती भुंगेऱ्यांचा डबा देतोय. हितं वाईट झालं. परवा काका कोयता घेऊन माझ्या अंगावर आला नि पाय घसरून दगडावर आपटला. महाडला दवाखान्यात हाय, शुद्धीवर नाय. त्याची पोरं सांगत सुटलीत, मीच मारला. मी तिथं नव्हतोच, असं फौजदाराला सांगितलंय. तू लिहून दे, गुरुवारी मी तुझ्याकडं पुण्याला होतो. तू शिकलेली, तुझं खरं मानतील. आईला कायपण विचारू नको.

तुझा दादा,
राजेश

कापडे, ७ जून

चि. पूजाला तुझ्या आईचा, राहीबाईचा आशीर्वाद.

यज्ञेश्वर गुरुजींना कुणाला न सांगायची शपथ घालून त्यांच्याकडनं लिहून घेतेय. तू इचारलंस म्हणून सांगते. काकाच्या हातात कोयता नव्हता गो. भुंगेरे ने, पण फांद्या मोडू नको, एवढंच तो बोलला. दादा म्हणाला, झाड आमचं हाय. काकानं त्याच्या मुस्काटात मारली. दादानं पहार घातली, पहिली गुडघ्यावर. हाड मोडल्याचा आवाज मला पडवीत आला. काका पडून हात जोडत व्हता, तरी डोक्यात घातली. मी धावले, तर माझ्यावर बी उगारली. मग रक्ताच्या हातानं भुंगेरे वेचत बसला.

तरी सांगते, लिही तसं पत्र. माझा एकच मुलगा हाय.

तुझी आई

पुणे, ११ जून

ती. आईस सा. नमस्कार.

डब्याच्या झाकणावरचे डाग मला चिखलाचे वाटले होते. आतल्या एका भुंगेऱ्यातून हवी ती जात निघाली. तिला दात आहेत. परवा तिने दुसऱ्या कृमीचं पोट फाडलं. सगळे टाळ्या वाजवत होते, तेवढ्यात तुझं पत्र आलं. मी बाहेर जाऊन ते वाचलं आणि डब्याचं झाकण पुन्हा पाहिलं. भुंगेरे मीच मागितले होते, आई. पण काकांनी हात जोडले होते.

दादा माझ्याकडे नव्हता, हे मी बुधवारी पोलादपूरच्या ठाण्यात सांगणार. त्याचं पत्रही देणार. तुझं देणार नाही. तुझं तू ठरव. मला घरात घेशील की नाही, माहीत नाही.

तुझीच,
पूजा

कारागृह, १९ ऑगस्ट

चि. पूजास,

काका वाचला. पाय कापला, बोलताना जीभ अडकते. आई भेटून गेली. तू ठाण्यात सांगून गेल्यावर तिनं बी फौजदाराला खरं सांगितलं. आता ती काकाला भरवायला जाते. मला तिचा राग येत नाय. तुझा येतो, रोज येतो. तू समोर आलीस तर हात कसा आवरेन ठाव नाय, म्हणून हितं येऊ नको.

आई घरात एकटी हाय. तिच्याकडं जा. लोभ हाय की नाय, ते सुटल्यावर बघू.

राजेश