राणीचा काळा झगा

लंडन, जानेवारी १८६२

प्रिय आई,

मी बरी आहे, डोळे चुरचुरतात तेवढंच. तुझा खोकला कसा आहे?

राणीसाहेबांचे यजमान गेल्यापासून आमच्या चित्रांच्या दुकानातल्या राणीच्या जुन्या चित्रांना कुणी गिऱ्हाईक हात लावत नाही. म्हणून छापील चित्रांतला गुलाबी झगा मी दिवसभर काळा रंगवत बसते. हात भरून येतात.

काल मालक पेनकसाहेब म्हणाले, "टॅबिथा, गालांवरची लालीपण घालव. विधवा अशी दिसते होय?"

मी म्हटलं, "माझ्याकडे बघा ना, मीही विधवाच. माझ्या जोनासला जाऊन तीन महिने झाले."

रंगाने माखलेल्या एप्रनखालचा माझा काळा झगा त्यांना कधी दिसलाच नव्हता. मग शेकोटीजवळ खुर्ची ओढून म्हणाले, "बस जरा. कसा होता गं तुझा जोनास?"

आई, तेव्हा कुठे मला रडू फुटलं.

तुझी दमलेली लेक,
टॅबिथा